थकव्याचे माप

शीण झोपेने उतरतो. झोपूनही जो उतरत नाही, त्या थकव्याला आम्ही आता 'बर्नआउट' म्हणू लागलो आहोत. हा शब्द १९७४ साली न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी मोफत दवाखान्यातील कार्यकर्त्यांची अवस्था सांगताना रूढ केला. १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी तो मोजण्यासाठी प्रश्नावली रचली. भावनिक थकवा, समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा आणि आपल्या हातून काही घडते आहे ही जाणीव, अशी तिची तीन अंगे.

२००२ मध्ये विद्यार्थ्यांसाठी १५ विधानांची वेगळी आवृत्ती आली. तीत समोरचा माणूस गेला व त्याच्या जागी अभ्यास आला. वैद्यकीच्या विद्यार्थ्यापुढे मात्र दोन्ही असतात: सकाळी खाट, रात्री ग्रंथ. तुर्भ्याहून दोन स्थानकांवरच्या नेरूळच्या वैद्यकीय महाविद्यालयांत काय किंवा परळच्या केईएममध्ये काय, त्याचा थकवा नेमका कोणत्या पट्टीने मोजावा?

परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २३८ पैकी १७५ विद्यार्थ्यांनी ताण असल्याचे सांगितले. तो ताण होता, बर्नआउट नव्हे. पण असे मोजमाप मुंबईत तेव्हाच सुरू झाले होते. पुढे पाहण्या वाढल्या, एकवाक्यता मात्र आली नाही. डॉक्टरांवरील १८२ अभ्यासांचा २०१८ साली आढावा घेतला गेला, तेव्हा बर्नआउटच्या किमान १४२ व्याख्या आढळल्या आणि त्याचे प्रमाण शून्यापासून ८०.५ टक्क्यांपर्यंत निघाले. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही संज्ञा केवळ नोकरी-व्यवसायापुरती राखली. मग विद्यार्थी कोठे बसतो? वॉर्डात तो राबतो, पण कामगार नव्हे.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाच्या २०२४ च्या पाहणीत उत्तरे देणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ३१.२ टक्क्यांनी गेल्या वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचे सांगितले. आठवड्याला ७४ तासांहून अधिक काम नसावे, अशी शिफारस त्या कृतिदलाने केली. निवासी डॉक्टरांची सलग ड्यूटी सामान्यतः १२ तासांपलीकडे जाऊ नये, हे केंद्राने १९९२ सालीच लिहून ठेवले होते.

प्रश्नावल्या निरर्थक आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण त्या विद्यार्थ्याला विचारतात, 'तुला काय वाटते?' ड्यूटीचे तास मोजायला व्याख्येचा वाद नाही, घड्याळ पुरते. तेथे मात्र उत्तर महाविद्यालयाला द्यावे लागते.