प्रॉता, फाता, बटाटा

आयरिश भाषेत बटाट्याला ‘प्रॉता’ म्हणतात. पण हे झाले पुस्तकी उत्तर. पश्चिमेकडच्या कॉनाक्टमध्ये तोच ‘फाता’ होतो, उत्तरेकडच्या अल्स्टरमध्ये ‘प्रेता’. (मराठी कानाला हा शेवटचा उच्चार जरा दचकवतोच.)

प चा फ का झाला? आयरिशमध्ये आधीच्या शब्दानुसार पुढच्या शब्दाचे पहिले व्यंजन मऊ होते. ‘माझा बटाटा’ म्हणायचे तर ‘मो फ्रॉता’. असा मऊ झालेला फ कॉनाक्टमध्ये कायमचा मुक्कामाला राहिला असावा. मधला ‘र’ मात्र उपरा. मूळ शब्दात तो नाहीच.

ते मूळ कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतले: ‘बटाटा’. तिथे त्याचा अर्थ होता रताळे! अँडीजमधल्या खऱ्या बटाट्याला केचुआ भाषेत ‘पापा’ म्हणत. स्पॅनिश लोकांनी दोन्हींची गल्लत करून ‘पाताता’ केले. पोर्तुगीजांनी ‘बटाटा’ आपल्या किनाऱ्यावर आणला. म्हणजे प्रॉता आणि आपला बटाटा चुलतभाऊच.

आयर्लंडमध्ये हा पाहुणा घरधनी होऊन बसला. लहानशा बटाट्याला ‘पोरीन’, कुस्करलेल्याला ‘ब्रूचीन’, असे खास शब्द घडले. गरीब कुटुंबे बहुतांशी ‘लंपर’ या एकाच वाणावर जगत. 1845 मध्ये करपा आला आणि त्यानंतरच्या दुष्काळात सुमारे 10 लाख माणसे दगावली, जवळपास तितकीच देशोधडीला लागली. त्या काळाला आयरिश लोक ‘अन गोर्ता मोर’, म्हणजे मोठी उपासमार, म्हणतात.