खाओ सान रस्ता: स्वस्त मुक्काम आणि खड्यांचा सापळा

खाओ सान हा बँकॉकच्या जुन्या शहरातला, बांगलाम्फू भागातला जेमतेम चारशे मीटर लांबीचा रस्ता. राजा चुलालोंगकॉर्न याच्या कारकिर्दीत, १८९२ मध्ये तो बांधला गेला. चाओ फ्राया नदीतून आणि तिच्या कालव्यांतून होड्यांनी येणारा तांदूळ या परिसरात विकला जाई, आणि त्या पेठेवरूनच रस्त्याला नाव मिळाले. पुढे कित्येक दशके ही लाकडी घरांची, किरकोळ दुकानांची साधी वस्ती होती.

पाठीवर पिशवी टाकून निघणारे परदेशी तरुण १९६०-७० च्या दशकांत आशियात येऊ लागले, ते मुख्यतः खुष्कीच्या मार्गाने. इस्तंबूल, तेहरान, काबूल, काठमांडू आणि गोव्याचे किनारे हे त्यांचे टप्पे. टोनी आणि मॉरीन व्हीलर हे दांपत्य याच वाटेने ऑस्ट्रेलियाला पोचले. त्यांनी १९७३ मध्ये आशियाच्या स्वस्त प्रवासाची आणि १९७५ मध्ये आग्नेय आशियाची मार्गदर्शिका काढली. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि खुष्कीचा मार्ग बंद पडला. त्यानंतर विमानाने थेट बँकॉक गाठून पुढे फिरण्याची पद्धत रूढ झाली.

१९८२ मध्ये बँकॉकला राजधानी होऊन दोनशे वर्षे पूर्ण झाली. सोहळ्यासाठी आलेल्या पाहुण्यांना राजवाड्याजवळ स्वस्त खोल्या हव्या होत्या. खाओ सानवरून राजवाडा पायी वीस-पंचवीस मिनिटांवर. तिथल्या कुटुंबांनी घरातल्या खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि काही वर्षांतच रस्ता गेस्टहाउस, खाणावळी, तिकीट एजंट आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांनी भरला. ॲलेक्स गार्लंड यांची ‘द बीच’ ही कादंबरी (१९९६) याच रस्त्यावर सुरू होते. १९९७ च्या आर्थिक संकटात बाहत या थाई चलनाचा भाव कोसळला आणि परदेशी प्रवाशाला थायलंड आणखी स्वस्त पडू लागले.

स्वस्ताईबरोबर फसवणुकीचा एक धंदाही वाढला. त्यातला सर्वांत गाजलेला प्रकार रत्नांच्या खड्यांचा. राजवाड्याजवळ नीटनेटक्या कपड्यांतला, चांगले इंग्रजी बोलणारा माणूस प्रवाशाला गाठतो. आज बौद्ध सण आहे, राजवाडा दुपारपर्यंत बंद आहे, असे तो सांगतो. नकाशावर दोन-तीन देवळांवर खुणा करून देतो आणि एक टुकटुक, म्हणजे तीनचाकी रिक्षा, थांबवतो. भाडे दहा-वीस बाहत, म्हणजे जवळजवळ फुकटच. पहिल्या देवळात ‘योगायोगाने’ दुसरा गृहस्थ भेटतो. सरकारी सवलतीत नीलम विकत मिळतात, आज शेवटचा दिवस आहे, मायदेशी दुप्पट भाव येतो, ही माहिती तो सहज बोलता बोलता पुरवतो. टुकटुक दुकानाशी थांबते. खडे बहुधा खरेच असतात, पण हलक्या प्रतीचे आणि भरमसाट किमतीचे. पुष्कळदा दुकानदार ते बंद पाकिटात घालून प्रवाशाच्या घरच्या पत्त्यावर पाठवतो, म्हणजे शहरात असेपर्यंत माल कुणा जाणकाराला दाखवता येत नाही. टुकटुकवाल्याला दुकानाकडून पेट्रोलची कुपने किंवा दलाली मिळते. भाडे इतके कमी असण्याचे कारण हेच.

हा बनाव पटतो, कारण त्यातला प्रत्येक धागा खऱ्याला चिकटलेला आहे. बँकॉक ही रंगीत खड्यांची जगातली मोठी बाजारपेठ आहे आणि थायलंडमधल्या चांथाबुरीच्या नीलम-माणकांची ख्याती जुनी आहे. राजघराण्याच्या समारंभांसाठी राजवाडा अधूनमधून खरोखर बंद असतो. त्याची तटबंदी सुमारे १९०० मीटर लांब आहे आणि पर्यटकांचे प्रवेशद्वार एका बाजूला. बाकीच्या दारांशी पोचलेल्याला ती बंदच दिसतात. शिवाय एकमेकांना अनोळखी भासणारी दोन-तीन माणसे तीच गोष्ट सांगतात, तेव्हा शंका मावळते.

मित्रांच्या टोळक्याला यातून आपोआप संरक्षण मिळते असे नाही. एकाला खात्री पटली की बाकीचे त्याच्यामागे जातात, आणि वर्गणी काढून मोठी खरेदी होते. एकाने बोलण्यात गुंतावे आणि दुसऱ्याने प्रवेशद्वारापर्यंत चालत जाऊन पाहावे, एवढे केले तरी बनाव उघडा पडतो. पैसे देण्याआधी सगळ्यांनी दुकानाबाहेर येऊन बोलणे, हा दुसरा पक्का उपाय. रात्रीच्या स्वस्त बसगाड्यांत सामानकक्षातल्या पिशव्यांतून चोऱ्या होत. तिथेही पैसे आणि पासपोर्ट अंगावर बाळगणे आणि आळीपाळीने जागे राहणे कामी येई.

प्रतिबंधही हळूहळू उभा राहिला. राजवाडा उघडा असल्याचे फलक लागले आणि ध्वनिक्षेपकावरून सूचना होऊ लागल्या. पर्यटक पोलिसांचा ११५५ हा क्रमांक सर्वत्र झळकू लागला. सर्वांत मोठा फरक मोबाइलने पडला: राजवाड्याची वेळ, योग्य भाडे आणि दुकानाविषयीच्या तक्रारी प्रवाशाला जागेवरच पाहता येऊ लागल्या, आणि ॲपवरच्या गाड्यांमुळे भाडे आधी ठरू लागले. बंद राजवाड्याची थाप आजही ऐकू येते, पण तिचा सारा आधार प्रवाशाच्या अज्ञानावर आणि घाईवर आहे. दोन मिनिटे थांबून स्वतः खात्री करणाऱ्यापुढे ती टिकत नाही.