खंजीर आणि आगगाडी : ओजेज यांचा ‘बॅक स्टॅबर्स’ (१९७२)

१/ ऑगस्ट १९७२. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातून सोल संगीताचा एक अल्बम बाजारात आला. नाव ‘बॅक स्टॅबर्स’, म्हणजे पाठीत खंजीर खुपसणारे. गाणाऱ्या तिघांना देशभर ओळख नव्हती; मात्र ते नवखेही नव्हते. त्यांच्या गाठीशी चौदा वर्षांची उमेदवारी होती. 🧵

२/ ओहायो राज्यातील कँटन हे पोलाद कारखान्यांचे गाव. १९५८ मध्ये तेथील पाच शाळकरी मित्रांनी गायनसमूह स्थापन केला. पुढे क्लीव्हलँडचा रेडिओ निवेदक एडी ओजे याच्या नावावरून समूहाचे नाव ‘ओजेज’ पडले.

३/ त्यानंतरची वर्षे कंपन्या बदलण्यात गेली. अधूनमधून एखादे गाणे चाले, परंतु मोठे यश हुलकावणी देत राहिले. बिल आयल्स बाहेर पडले, नंतर बॉबी मॅसीही. उरले एडी लेव्हर्ट, वॉल्टर विल्यम्स आणि विल्यम पॉवेल.

४/ केनी गॅम्बल आणि लिऑन हफ या कृष्णवर्णीय गीतकार-निर्मात्यांनी १९७१ मध्ये ‘फिलाडेल्फिया इंटरनॅशनल’ ही कंपनी काढली आणि वितरणासाठी सीबीएसशी करार केला. स्वतंत्र कंपन्यांची मोठी अडचण वितरणाची असे. दोघांची आधीची ‘नेपच्यून’ ही कंपनी अल्पायुषी ठरली होती. ओजेज तेव्हाही त्यांच्यासोबत होते. आता निर्मिती स्वतःच्या हाती ठेवून देशभरच्या दुकानांपर्यंत पोहोचणे शक्य झाले.

५/ ध्वनिमुद्रण झाले सिग्मा साउंड स्टुडिओत. साथीला ‘एमएफएसबी’ हा कृष्णवर्णीय आणि गोऱ्या वादकांचा ताफा होता. ड्रमवर अर्ल यंग, बेसवर रॉनी बेकर, गिटारवर नॉर्मन हॅरिस. त्यावर व्हायोलिन आणि ब्रासचे भरजरी थर. लेव्हर्ट यांचा चर्चच्या गायनपरंपरेत मुरलेला खडा आवाज या झुळझुळीतपणात विरघळत नाही. तो त्याला छेद देतो.

६/ अल्बमची रचना लक्षपूर्वक पाहावी. पहिले गाणे जगात शांतता नांदेल त्या दिवसाविषयी. शेवटचे ‘लव्ह ट्रेन’, सर्व देशांना एका आगगाडीत बसण्याचे आवाहन. या दोन टोकांच्या मध्ये मात्र हसतमुख विश्वासघातकी मित्र, मत्सरी माणसे आणि घरातील भांडणे आहेत.

७/ ही मांडणी तत्कालीन अमेरिकेला साजेशी होती. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला चारच वर्षे लोटली होती. व्हिएतनाम युद्ध सुरू होते. दुसरीकडे १९७२ मध्येच राष्ट्राध्यक्ष निक्सन फेब्रुवारीत चीनला आणि मे महिन्यात मॉस्कोला जाऊन आले. ‘लव्ह ट्रेन’मध्ये रशिया आणि चीन, इजिप्त आणि इस्रायल एकाच गाडीचे प्रवासी आहेत, तेही १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धाच्या आधी!

८/ श्रोत्यांनी कौल दिला. ‘बॅक स्टॅबर्स’ हे गाणे बिलबोर्डच्या सोल यादीत पहिले, तर मुख्य यादीत तिसरे आले. मार्च १९७३ मध्ये ‘लव्ह ट्रेन’ने मुख्य यादीतही पहिले स्थान मिळवले. स्वतः अल्बम दहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचला.

९/ या यशाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. एकोप्याची गाणी घडवणाऱ्या या ताफ्यात काही वर्षांतच आर्थिक मतभेद झाले. बेकर, हॅरिस आणि यंग ‘सॅलसोल’ या कंपनीकडे वळले. विल्यम पॉवेल यांचे १९७७ मध्ये कर्करोगाने निधन झाले.

१०/ म्हणूनच ‘लव्ह ट्रेन’ला भाबडे आशावादी गाणे म्हणून बाजूला सारता येत नाही. ते एकटे ऐकले तर घोषणा वाटते. त्याआधीची नऊ गाणी ऐकून तिथवर आले, की कळते : ही आगगाडी खंजिरांचा अनुभव घेतलेल्या माणसांनी सोडली होती.