पिवळा रंग नेमका राहतो कुठे?

इंडिकेटरच्या बल्बवर कोणी निबंध लिहितं का, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण तुमच्या गाडीच्या पुढच्या कोपऱ्यातल्या दिव्याची काच पारदर्शक असेल तर थोडं थांबा. वळताना त्या काचेतून जो पिवळट नारिंगी उजेड दिसतो (कायद्यातला शब्द अंबर), तो काचेतून येत नाही, सगळा बल्बमधून येतो. आधी हा रंग काचेत होता, आणि त्याच्याही आधी रंगाची गरजच नव्हती, कारण इशारा हाताने होत असे.

हातापासूनच सुरुवात करू. आपल्याकडे 1989 च्या रस्त्याच्या नियमांमध्ये ड्रायव्हरने हाताने करायचे पाच इशारे दिलेले होते. उजवा हात आडवा बाहेर काढला की उजवीकडे वळणार. डावीकडे वळायचं तर तोच हात बाहेर काढून गोल फिरवायचा, कारण ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि त्याचा डावा हात बाहेरच्या कोणाला दिसणार नाही. हळू होण्याचा आणि थांबण्याचा इशारा वेगळा. पाचवा मला सगळ्यात आवडतो: हात मागेपुढे अर्धवर्तुळात हलवून मागच्याला सांगायचं, जा बाबा पुढे, रस्ता मोकळा आहे.

विजेचा दिवा आला आणि या पाचांतलं फक्त वळणं त्याच्या वाट्याला आलं. थांबण्यासाठी मागे लाल दिवा मिळाला, पण "जा पुढे" म्हणायला काहीच उरलं नाही. म्हणून हायवेवरचा ट्रकवाला आजही उजवा इंडिकेटर देतो आणि तो वळतोय की आपल्याला वाट देतोय हे आपण अंदाजाने ठरवतो. अमरावती-अकोला रस्त्यावर रात्री ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांना हा अंदाज किती महागात पडू शकतो ते सांगायला नको.

हात आणि दिवा यांच्या मधे एक गमतीदार टप्पा होऊन गेला. ब्रिटिश गाड्यांना दाराजवळच्या खांबात एक छोटा लाकडी पट्टीएवढा हात बसवलेला असे. बटण दाबलं की तो टपकन आडवा बाहेर येई, आत बारीक दिवा. याचं नाव ट्रॅफिकेटर. मॉरिस मायनरला 1961 पर्यंत तो होता. रेल्वेच्या सिग्नलचीच ती धाकटी बहीण. मात्र हा हात अडकायचा, मोडायचा, आणि लांबून लक्षात यायचा नाही.

लुकलुकणारा दिवा अमेरिकेत ब्युइकने 1939 च्या मॉडेलांवर कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली. आणि आता मुद्द्याची गोष्ट. तिकडे पुढचा इंडिकेटर कितीतरी वर्षं पांढरा होता! 1963 च्या मॉडेलांपासून तो अंबर झाला. पांढऱ्या हेडलाइटच्या शेजारी पांढरा दिवा लुकलुकला तर तो वेगळा ओळखू येत नाही, इतकं साधं कारण. पण त्या वर्षी बऱ्याच गाड्यांची काच बदललीच नाही. पांढऱ्या काचेमागे पिवळा बल्ब लावला आणि काम भागवलं. म्हणजे नव्वदच्या दशकात ज्या 'क्लिअर लेन्स'चं फॅड आलं, ती आयडिया खरं तर जुनीच.

आपल्याकडे अँबेसिडर, मारुती 800 यांच्या जमान्यात पिवळी काच सवयीची होती. ती असेल तर मागे कुठलाही साधा पारदर्शक बल्ब चालतो, रंगाची जबाबदारी काचेची. पुढे डिझाइनवाल्यांना पिवळी काच गावठी वाटायला लागली. काच पारदर्शक झाली आणि जबाबदारी बल्बवर आली.

इथे इंजिनिअरांनी जे केलं ते मला फार आवडतं. साधा बल्ब पी21डब्ल्यू. त्याच्या बुडाला दोन बारीक खिळे असतात, अगदी समोरासमोर, 180 अंशांवर. पिवळा बल्ब पीवाय21डब्ल्यू. त्याचे खिळे 150 अंशांवर. या तीस अंशांमुळे पांढरा बल्ब पिवळ्याच्या होल्डरमध्ये बसतच नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले यूजरने चुकीचं काही टाकू नये म्हणून पानभर कोड लिहितो. यांनी एक खिळा सरकवला आणि विषय संपवला.

अर्थात वऱ्हाडात विषय असा संपत नसतो. दिवाळीत घरी अमरावतीला गेलो होतो, तेव्हा बाबांच्या जुन्या गाडीचा एक बल्ब गेला होता. दुकानात पिवळा नव्हता. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "काहून टेन्शन घेता भाऊ? एक खिळा घासून देतो, पांढरा बसते. अन् उजेड बी जास्त!" उजेडाचं त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पांढरा साधारण 460 ल्युमेन देतो, पिवळा 280 च्या आसपास, कारण रंगाचा थर बाकीचा प्रकाश अडवतो. पण इंडिकेटरकडून आपल्याला उजेड हवाच कुठे असतो? समोरच्याला तो हेडलाइटपासून वेगळा दिसला पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 102 वा नियम इंडिकेटर अंबरच हवा आणि मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकला पाहिजे असं सांगतो, तो त्यासाठीच. मी दुसऱ्या दुकानात गेलो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात 2022 साली याच अमरावती-अकोला पट्ट्यात 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज विक्रम झाला. रस्ता झकास झालाय. त्यामुळे मूर्तिजापूरच्या पुढे समोरची गाडी आता पूर्वीपेक्षा फार लवकर अंगावर येते, आणि कापसाने भरलेला, मागे एकही दिवा नसलेला ट्रॅक्टर मात्र आहे त्याच वेगाने चालतो.

एलईडीचा मोह असेल तर एक हिशोब करा. पुढचा-मागचा मिळून 42 वॅट, म्हणजे 12 व्होल्टवर साडेतीन अँपिअर. जुना फ्लॅशर या करंटवर चालतो. एलईडी त्याच्या दहावा हिस्साही ओढत नाही, मग फ्लॅशरला वाटतं बल्ब गेला आणि तो दुप्पट वेगाने टकटक करतो. त्यावर इलाज म्हणून 6 ओहमचा रेझिस्टर जोडून देतात. तो एकटाच लुकलुक चालू असताना 24 वॅट खाऊन तापतो. वाचवलेली वीज अशी जाते! फ्लॅशरच बदलला तर ठीक. आणि एलईडी घ्यायचा तर अंबरच.

काचेआड बल्बचा पिवळा गोळा अंड्याच्या बलकासारखा दिसतो म्हणून कोणी नाराज असेल, तर त्यावरही उपाय निघाला. फिलिप्सचा सिल्व्हरव्हिजन, ओसरामचा डायडेम. बंद असताना चंदेरी, पेटला की अंबर. नेहमीचा रंगवलेला बल्ब घेतलात तरी काही बिघडत नाही, फक्त त्याचा रंग काही वर्षांत उडतो, पापुद्रे निघतात. बल्ब चालू असतो, डॅशबोर्डवरचा बाण नेहमीसारखा टकटक करतो, पण पुढे रंग पांढरा होत चाललेला असतो. आत बसून हे कळत नाही. संध्याकाळी कुणाला तरी हेडलाइट आणि इंडिकेटर दोन्ही लावायला सांगा आणि स्वतः पन्नास पावलं लांब जाऊन बघा.