‘उद्या जातोय’ला कोणत्या रकान्यात टाकायचं? एका काळाची खानदेशी गोष्ट

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातला एक किस्सा सांगतो. एका ग्रंथालयाला इंग्रजीत ईमेल पाठवायचा होता. मी लिहिलं, ‘आय अ‍ॅम व्हिजिटिंग युवर लायब्ररी ऑन थर्सडे.’ माझ्या मनात फक्त ‘जमलं तर गुरुवारी यावं’ एवढंच होतं. रजा मंजूर नव्हती, तिकीट काढलेलं नव्हतं. पण तिथल्या ग्रंथपालांनी गुरुवारी सकाळी मी मागितलेल्या जुन्या फायली खाली काढून टेबलावर मांडून ठेवल्या. मी गेलोच नाही. शुक्रवारी त्यांचा दोन ओळींचा शांत ईमेल आला, तो वाचून कान गरम झाले.

चूक शिष्टाचाराची तर होतीच, पण काळाचीही होती. आणि त्या चुकीचा माग काढता काढता मी थेट १९०७ सालच्या एका जाडजूड खंडापाशी पोचलो. तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल, संशोधनात उतरायचा विचार असेल, तर ही गोष्ट तुमच्या कामाची आहे. व्याकरणापेक्षा साधनं कशी वाचायची यासाठी जास्त.

आधी नियम, थोडक्यात

इंग्रजीत प्रेझेंट कंटिन्यूअस दोन कामं करतो. एक, आत्ता चालू असलेली क्रिया. दुसरं, आधीच ठरलेली पुढची गोष्ट. ‘आय अ‍ॅम मीटिंग माय गाइड टुमॉरो’ म्हणजे गाइडशी बोलणं झालंय, वेळ ठरलीय. ‘आय विल मीट’ म्हणजे आत्ता बोलता बोलता ठरवलं, किंवा शब्द दिला. ‘आय अ‍ॅम गोइंग टू मीट’ म्हणजे मनात पक्कं आहे, समोरच्याला कळवलं असेलच असं नाही. म्हणून माझ्या ईमेलमधून ग्रंथपालांनी बरोबर तोच अर्थ घेतला जो इंग्रजीत निघतो: याचं सगळं ठरलंय.

आता गंमत बघा. हाच फरक आपण मराठीत रोज करतो. ‘मी उद्या धुळ्याला जाईन’, ‘जाणार आहे’ आणि ‘जातोय’ ही तीन वाक्यं एकच नाहीत. ‘जातोय’ म्हणणाऱ्याची बॅग भरलेली असते. आणि ‘उद्या पाऊस पडतोय’ असं कोणी म्हणत नाही, कारण पावसाशी कोणी वेळ ठरवत नाही. इंग्रजीतही ते वाक्य तितकंच विचित्र वाटतं. म्हणजे जळगाव-धुळ्याच्या पोराला हा नियम जन्मापासून येतो. मग इंग्रजीच्या पेपरात तो नेमका का अडतो?

कोष्टक कुठून आलं

शाळेत आपण बारा काळांचं कोष्टक पाठ केलं. वर्तमान, भूत, भविष्य अशा तीन ओळी आणि प्रत्येकीचे चार प्रकार. ‘अ‍ॅम गोइंग’ म्हणजे चालू वर्तमानकाळ, रकाना ठरलेला. त्यात ‘टुमॉरो’ला जागाच नाही.

या कोष्टकाला इतिहास आहे. लॅटिनमध्ये भविष्यकाळासाठी क्रियापदाचं वेगळं रूप असतं. इंग्रजीत तसं रूप नाही. पण इंग्रजी व्याकरण लिहिणाऱ्यांपुढे लॅटिनचा साचा होता, त्यातला भविष्याचा रकाना रिकामा ठेवून चालणार नव्हतं. तिथे ‘शॅल’ आणि ‘विल’ बसवले गेले. जॉन वॉलिसने १६५३ मध्ये इंग्रजीचं व्याकरण लॅटिनमध्येच लिहिलं. प्रथम पुरुषाला ‘शॅल’, बाकीच्यांना ‘विल’ हा पुढे प्रसिद्ध झालेला नियम त्यात आहे. १७९५ मध्ये लिंडले मरेचं व्याकरण आलं. त्यात सहा काळ मोजले होते, त्यांतले दोन भविष्याचे. चालू काळाला स्वतंत्र जागा त्या सहांत नव्हती.

मराठी माणसाने मराठीचं व्याकरण लिहायला घेतलं ते याच काळात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ मध्ये छापलं गेलं. त्याच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणाचा ठसा आहे. म्हणजे लॅटिनचा साचा इंग्रजीवर बसला आणि इंग्रजीचा मराठीवर. पुढे दोन्ही भाषांची कोष्टकं शेजारी शेजारी ठेवून आपण भाषांतर शिकलो: ‘विल’ला ‘ईल’, ‘आयएनजी’ला ‘त आहे’. रकाने जुळले, पण वापर निसटला.

हा एकच रस्ता होता असं मात्र समजू नका. पाणिनीच्या अष्टाध्यायीत, तिसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात १३१ वं सूत्र आहे. वर्तमानाला लागून असलेला भूत किंवा भविष्य सांगताना वर्तमानाचे प्रत्यय विकल्पाने वापरता येतात, असा त्याचा आशय. रूप आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिथे गृहीतच आहे. मराठी व्याकरणातही ‘तुम्ही बसा, मी आलोच’ हा प्रकार संनिहित भविष्यकाळ म्हणून नोंदवलेला आहे. रूप भूतकाळाचं, अर्थ पुढच्या दोन मिनिटांचा. पण परीक्षेच्या कोष्टकात तो तळटीप होऊन बसतो.

मराठीचा भविष्यकाळ मुळात वर्तमानच

इथे धुळ्याचा संबंध येतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आयुष्याच्या अखेरच्या काळात धुळ्यात होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच ते गेले. पुढच्याच वर्षी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. आपण त्यांना मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांसाठी ओळखतो. पण १९०९ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या भाषेचं व्याकरण लिहिलं होतं आणि त्यांनी जमवलेल्या मराठी धातूंचा कोश मंडळाने १९३७ मध्ये कृ. पां. कुलकर्णींच्या संपादनाखाली छापला.

जुन्या मराठीत ‘करी’ म्हणजे ‘करतो’. साधा वर्तमानकाळ. नंतर ‘करितो’, ‘करतो’ ही नवी रूपं पुढे आली आणि ‘करी’ मागे सरकून ‘करत असे’ या अर्थाचा झाला: ‘आजोबा रोज पहाटे उठत, पूजा करीत’ मधला. याच जुन्या ‘करी’ला ‘ल’ जोडून ‘करील’ झाला. झूल ब्लॉक या फ्रेंच अभ्यासकाचा मराठीच्या जडणघडणीवरचा ग्रंथ १९२० मध्ये आला, त्यातही हीच व्युत्पत्ती आहे. थोडक्यात, आपला पक्का भविष्यकाळ हा एकेकाळच्या वर्तमानाच्या पायावर उभा आहे. मग आज ‘जातोय’ उद्याकडे सरकला तर त्यात नवल काय?

१९०७ चा खंड आणि न विचारलेला प्रश्न

आता त्या जाडजूड खंडाकडे. जॉर्ज ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा नववा खंड, तिसरा भाग, १९०७. खानदेशी म्हणजे अहिराणी यात आहे, भिल्ली बोलींच्या सोबत. मराठीचा खंड सातवा, तो वेगळा. (अहिराणी मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद इथूनही पोसला गेला. त्यावर पुन्हा कधीतरी.) सर्वेक्षण सुरू झालं तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम खानदेश १९०६ मध्ये झाले, त्यांचेच पुढे जळगाव आणि धुळे.

मला हवं होतं एवढंच: शंभर वर्षांपूर्वी अहिराणी माणूस ‘उद्या जातोय’ कसं म्हणायचा? माझ्या घरी आजही फोनवर विचारतात, ‘दिवायीले येई राहिना का?’ रूप चालू काळाचं, प्रश्न महिन्याभराने येणाऱ्या दिवाळीचा. कोणी हाक मारली तर उत्तर येतं, ‘उनू, उनू!’ म्हणजे ‘आलो, आलो’. तेव्हाही असंच असणार, असं वाटलं. म्हटलं, खंडात सापडेल.

सापडलं नाही. आणि का सापडलं नाही, हे कळणं हाच माझ्यासाठी खरा धडा ठरला.

सर्वेक्षणात प्रत्येक बोलीचा नमुना घ्यायची पद्धत ठरलेली होती. बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचं स्थानिक बोलीत भाषांतर करून घ्यायचं, आणि ठरीव शब्द व वाक्यांची यादी भरून घ्यायची. त्या यादीत ‘मी मारतो’, ‘मी मारत आहे’, ‘मी मारीन’ असे वेगवेगळे रकाने आहेत. गोष्टीत तो मुलगा उपाशीपोटी ठरवतो की उठून बापाकडे जाईन. हा त्या क्षणी घेतलेला निर्णय आहे. बापाला कळवलेलं नाही, ठरवाठरवी नाही. म्हणजे इंग्रजीत नेमका ‘विल’ची जागा. त्यामुळे शेकडो बोलींमध्ये ‘मी जाईन’ कसं म्हणतात हे आपल्याला छापील मिळतं. ‘परवा जातोय, गाडी सांगून ठेवलीय’ हे मात्र कोणी विचारलंच नाही.

यावरून ‘१९०७ मध्ये अहिराणीत चालू काळ भविष्यासाठी वापरत नसत’ असं लिहिलं तर ते साफ चुकेल. ‘वापरत असत’ हेही त्या खंडाच्या आधारे लिहिता येत नाही. साधनाचं मौन हे भाषेचं मौन नसतं. बऱ्याचदा ते प्रश्नावलीचं मौन असतं. इंग्रजीच्या कोष्टकाने मला जे दिसू दिलं नव्हतं, तेच कोष्टक प्रश्नावली होऊन खानदेशात फिरलं होतं.

तुमच्यासाठी यात काय

एक: कुठलंही जुनं साधन हाती आलं की आधी त्याची प्रश्नावली शोधा. जनगणना असो, गॅझेटियर असो, महसूल खात्याची नोंद असो. उत्तरांआधी प्रश्न वाचा. न विचारलेल्या प्रश्नांची एक यादी करा आणि ती प्रबंधाच्या साधनविषयक प्रकरणात लिहा. परीक्षक हमखास तिथेच बोट ठेवतात.

दोन: क्षेत्रकार्यात ‘याचं भाषांतर सांगा’ असं विचारू नका. समोरचा माणूस तुमच्या वाक्याचा साचा तुम्हालाच परत देतो. परिस्थिती सांगा. ‘तिकीट काढलंय, मामाला कळवलंय. शेजारी विचारतो, परवा काय बेत? तुम्ही काय म्हणाल?’ ओस्टेन डाल या अभ्यासकाने १९८५ च्या ग्रंथात काळांची प्रश्नावली अशीच केली होती: वाक्याआधी प्रसंग दिलेला आणि क्रियापद मूळ रूपात ठेवलेलं, म्हणजे रूप बोलणाऱ्यानेच निवडायचं.

तीन: इंग्रजीत ईमेल लिहिताना थांबा. आधी मनात मराठीत म्हणा. ‘जाईन’ येतंय, ‘जाणार आहे’ येतंय की ‘जातोय’? ‘जातोय’ आलं, आणि खरोखर ठरलेलं असलं, तरच ‘अ‍ॅम गोइंग’ लिहा. फक्त ‘मी उद्या येतो’च्या वेळी सावध राहा. त्याचं ‘आय कम टुमॉरो’ होत नाही. इंग्रजीत साधा वर्तमानकाळ भविष्यासाठी मुख्यतः वेळापत्रकाला लागतो, भुसावळहून गाडी किती वाजता सुटते त्याला. आणि निघताना आपण ‘येतो’ म्हणतो त्याचं तर भाषांतरच करू नका!

त्या ग्रंथपालांना मी नंतर माफीचा ईमेल लिहिला. रजा मंजूर झाली, तिकीट काढलं, आणि मगच लिहिलं, ‘आय अ‍ॅम कमिंग ऑन मंडे.’ सोमवारी गेलो तेव्हा फायली टेबलावर होत्या.

तुमच्या गावात, तुमच्या बोलीत ‘उद्या जातोय’ला काय म्हणतात? अमळनेर, साक्री, रावेर, शिरपूर, कुठलंही चालेल. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला प्रसंग सांगून विचारा, आणि उत्तर जसंच्या तसं, तारीख घालून वहीत उतरवा. १९०७ मध्ये राहून गेलेला रकाना भरायला सुरुवात तिथूनच होईल.