अचूकता करवतीच्या आधी सुरू होते

उमरखेड तालुक्यात कापूस वेचण्यात आणि हळद काढण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, अशा बायांचे गुडघे साठीच्या सुमाराला बोलू लागतात. बहुतेकींची झीज आतल्या बाजूला असते आणि पाय बाहेर बाकतात. मग नांदेड, यवतमाळ नाहीतर नागपूर गाठायचं. या वाटेवर आता एक मत ठाम होत चाललं आहे : अर्धा गुडघा बदलायचा तर रोबोटच हवा, हातानं तो नेमका बसत नाही, रोबोट परवडत नसेल तर सरळ पूर्ण सांधा बदलून घ्यावा. या मताचे दोन्ही भाग तपासले पाहिजेत.

आधी त्याची बाजू नीट मांडू. आंशिक बदलात फक्त झिजलेला कप्पा बदलतात, बाकीचा सांधा तसाच राहतो. त्यामुळे पाय गरजेपेक्षा जास्त सरळ केला तर भार बाहेरच्या निरोगी कप्प्यावर जाऊन तोही झिजतो. लंडनच्या जस्टिन कॉब यांच्या गटानं 2006 मध्ये दाखवलं की, यंत्राच्या मदतीनं केलेल्या सर्व गुडघ्यांत पायाचा कोन ठरवलेल्या मापाच्या 2 अंशांच्या आत आला. हातानं केलेल्यांत तो 40 टक्क्यांतच आला. ग्लासगोच्या 139 रुग्णांच्या चाचणीचा 2016 मधला निष्कर्षही यंत्राच्याच बाजूचा होता. यंत्र कोन अधिक नेमका साधतं, हे मान्यच केलं पाहिजे.

पण कोन नेमका आला म्हणजे रुग्ण अधिक चांगला चालला, असं होत नाही. त्याच ग्लासगोच्या रुग्णांत दोन वर्षांनी गुडघ्याच्या कामगिरीत एकंदर फरक आढळला नाही. पाच वर्षांनी यंत्राच्या गटात पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ कमी जणांवर आली, हे खरं. मात्र दोन्ही गटांत बसवलेले सांधेच वेगळे होते. यंत्राच्या गटात प्लास्टिकची चकती स्थिर होती, हाताच्या गटात सरकती. सगळं श्रेय यंत्राला देता येत नाही ते यामुळे.

सरकत्या चकतीचा हा सांधा ऑक्सफर्डच्या गुडफेलो आणि ओ'कॉनर यांनी 1970च्या दशकात घडवला. त्याचा मांडीच्या हाडावरचा भाग गोलाकार आहे. म्हणूनच तो भाग 10 अंशांपर्यंत आणि नडगीवरचा 5 अंशांपर्यंत कलला तरी निकाल बिघडत नाही, असं 2009 मध्ये आढळलं. या सांध्याला खपत नाही ती लिगामेंटच्या ताणातली चूक. गुडघा वाकवल्यावर आणि सरळ केल्यावर आतली फट सारखीच राहायला हवी. त्यासाठी मांडीचं हाड एकेक मिलिमीटर घासतात आणि चकतीची जाडीही मिलिमीटरच्या पायरीनं निवडतात. रोबोट ही फट मोजून दाखवतो, पण किती ताण योग्य हे सर्जनलाच ठरवावं लागतं.

त्याहून मोठी चूक शस्त्रक्रियेच्या आधीच होऊ शकते. आतला कप्पा हाडाला हाड लागेपर्यंत झिजलेला, बाहेरची कूर्चा पूर्ण जाडीची, पुढचं क्रूसिएट लिगामेंट शाबूत आणि बाक दाबून सरळ होणारा, असा गुडघाच या शस्त्रक्रियेला योग्य. झोपवून काढलेल्या एका एक्स-रेवर हे कळत नाही. उभं राहून, बाजूनं आणि ताण देऊन, असे तिन्ही एक्स-रे लागतात. बाजूच्या चित्रात झीज नडगीच्या पुढच्या व मधल्या भागापुरती दिसली, तर ते लिगामेंट बहुधा शाबूत असतं. निवड चुकली तर रोबोट चुकीच्या गुडघ्यातही सांधा तितक्याच नेमकेपणानं बसवून देईल.

यानंतर येतो सराव. ब्रिटनच्या राष्ट्रीय नोंदवहीतल्या सुमारे 42 हजार आंशिक शस्त्रक्रियांच्या अभ्यासातून दिसलं की, ज्या सर्जनच्या एकूण गुडघ्यांत आंशिक बदल 20 टक्क्यांहून कमी, त्यांच्या रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रियेची पाळी जास्त येते. 40 ते 60 टक्के प्रमाण असलेल्यांचे निकाल सर्वांत चांगले.

राहिला 'मग पूर्णच बदला' हा सल्ला. ब्रिटनमधल्या 27 केंद्रांतल्या 528 रुग्णांची चाचणी 2019 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. आंशिक बदल पाच वर्षांनी पूर्ण बदलाइतकाच गुणकारी ठरला, आणि खर्चही कमी आला. नोंदवह्यांत आंशिक सांधा पुन्हा बदलावा लागण्याचं प्रमाण जास्त दिसतं, हे लपवू नये; पण मृत्यू आणि मोठ्या गुंतागुंती त्यात कमी असतात, हेही त्याच नोंदी सांगतात.

म्हणून उमरखेडहून निघणाऱ्या कुटुंबानं रोबोट आहे का, हे शेवटी विचारावं. आधी विचारावं : तिन्ही एक्स-रे काढले का? लिगामेंट शाबूत आहे का? बाहेरचा कप्पा निरोगी आहे का? डॉक्टरसाहेब, तुमच्या शंभर गुडघ्यांत आंशिक किती? या उत्तरांनी समाधान झालं, तर केवळ यंत्र नाही म्हणून निरोगी कप्पा आणि शाबूत लिगामेंट काढून टाकायला कोणतंही शास्त्रीय कारण उरत नाही.