टुंग टुंग

मागच्या महिन्यात मेहकरहून शिर्डीला जाणं झालं. समृद्धीवरून. गाडी चिरंजीवांची, चालवणारेही तेच. पुढे त्यांच्या शेजारी सौ., मागे मी आणि नातू. महामार्गावर चढलो न चढलो तोच गाडीने टुंग टुंग सुरू केलं. सौ.नी पट्टा लावलेलाच होता. काढून परत लावला. तरी टुंग टुंग. जरा सरकून बसल्या, थांबलं. पाच मिनिटांनी परत तेच! शेवटी चिरंजीवांनी गाण्यांचा आवाज वाढवला.

दुसरबीडच्या पुढे मी मागून वाकून पाहिलं तर समोरच्या काट्यांमध्ये एक लाल दिवा पेटलेला. बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे फुगा, असं चित्र. विचारलं तर उत्तर आलं, "बाबा, तो चार महिन्यांपासून तसाच आहे. सेन्सर खराब आहे, बाकी काही नाही."

बाकी काही नाही! घरी आल्यावर गाडीचं पुस्तक काढून वाचलं. तो दिवा पेटून राहिला म्हणजे एअरबॅगच्या यंत्रणेत बिघाड आहे, आणि वेळ आली तर ती उघडेलच याची खात्री नाही. म्हणजे चार महिने सौ. ज्या एअरबॅगच्या भरवशावर पुढे बसत होत्या, ती होती की नव्हती कोण जाणे. त्या रात्री मला झोप लागली नाही, खोटं कशाला सांगू.

मी पडलो इतिहासाचा मास्तर. काही बिघडलं की हे सुरू कुठून झालं, असा प्रश्न आधी पडतो. आमच्या तरुणपणी काळीपिवळी जीपमध्ये पंधरा जण बसत, दोघं मागे लटकत. पट्टा म्हणजे कमरेचा, एवढंच ठाऊक. तिकडे स्वीडनमध्ये मात्र 1959 सालीच नील्स बोलिन या इंजिनिअरने व्होल्वो कंपनीसाठी खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा आजचा पट्टा तयार केला होता. हा गृहस्थ आधी विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या बनवत असे. कंपनीने पेटंट असूनही इतरांना तो पट्टा वापरू दिला. आपल्याकडे नव्या मोटारींना पुढच्या सीटचे पट्टे सक्तीचे झाले ते 1994 पासून.

पण पट्टा असणं वेगळं आणि लावणं वेगळं. यावर अमेरिकेने जो उपाय केला तो वाचून मी थक्क झालो. 1974 च्या मॉडेलच्या गाड्यांत पुढच्या माणसाने पट्टा लावल्याशिवाय इंजिनच सुरू होणार नाही, अशी व्यवस्था सक्तीची केली. सीटखाली वजन ओळखणारी यंत्रणा. आता यंत्राला काय कळतं? शेजारी किराण्याची पिशवी ठेवली, नाहीतर कुत्रा बसला, तरी गाडी हटून बसे. लोक इतके चिडले की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या संसदेने कायदा करून ही सक्ती काढून टाकली, आणि सक्तीचा गजरसुद्धा आठ सेकंदांपुरताच ठेवला. चांगली गोष्ट होती, पण खोट्या हाका फार मारल्या म्हणून गेली.

मग आल्या एअरबॅगा. धडक बसली की पापणी लवायच्या आत फुगतात. पण त्या जोराने 1990 च्या दशकात अमेरिकेत पुढे बसलेली काही लहान मुलं दगावली. तेव्हा पुढच्या सीटवर मूल आहे की मोठा माणूस हे गाडीने ओळखावं, असे नियम तिथे 2000 साली झाले. त्यामुळे कित्येक गाड्यांत सीटमधल्या त्या चकतीवर पट्ट्याची आठवणच नव्हे, एअरबॅगही अवलंबून असते.

आपल्याकडे जुलै 2019 पासून नव्या गाड्यांत पुढच्या दोन्ही सीटसाठी ही टुंग टुंग सक्तीची झाली. त्याच वर्षी मोटार वाहन कायदा बदलून पट्टा न लावल्याचा दंड हजार रुपये झाला. आणि आपण भारतीय! आपण काय केलं? पट्ट्याच्या खाचेत अडकवायची नुसती क्लिप शोधली. पट्टा नाही, पण गजर बंद. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरमध्ये चारोटीजवळ सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते, पट्टा नव्हता. त्यानंतर सगळे जागे झाले. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन दुकानांना या क्लिपा विकणं बंद करायला लावलं. तेरा हजारांवर जाहिराती काढल्या गेल्या. काही क्लिपा तर म्हणे बाटलीचं झाकण उघडायचं साधन म्हणून विकल्या जात होत्या.

क्लिपवाल्यांना मी आजवर शिव्या देत आलो. पण गाण्यांचा आवाज वाढवणारे आम्ही तरी काय वेगळे होतो? शाळेत एकदा घंटेच्या तारेत बिघाड होऊन ती दिवसातून तीन-चारदा आपोआप वाजायची. आठवडाभरात खरी घंटा झाली तरी पोरं जागची हलेनात. मीसुद्धा फळ्यावर लिहीत राहायचो.

असो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी अख्खी सीट बदलायची भाषा केली आणि आकडा असा सांगितला की चिरंजीव गप्पच झाले. दिवा चार महिने राहिला तो त्यामुळे. एका गॅरेजवाल्याने तर क्लिपच पुढे केली! शेवटी चिखलीला माझाच एक जुना विद्यार्थी आहे, गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. त्याने आधी बॅटरीची तार काढली, थोडा वेळ थांबला, मग सीटखाली हात घातला.

"सर, काई नाई, हे सॉकेट ढिल्लं झालं. सीट मांगंपुढं करता ना तुमी, वायर वढल्या जाते."

पिवळं सॉकेट. पिवळा रंग म्हणजे एअरबॅगची तार, स्वतः हात लावायचा नाही, असं त्याने चिरंजीवांना दोनदा बजावलं. सॉकेट साफ करून बसवलं, मशीन लावून जुनी नोंद पुसली. दिवा किल्ली फिरवल्यावर काही सेकंद लागला आणि विझला. तसाच विझायला हवा, तोही म्हणाला. पैसे घेईना, बळेच खिशात कोंबले.

परतताना सौ. पुढे बसल्या. गाडी गप्प. त्यांनी मुद्दाम पट्टा काढून पाहिला, लगेच टुंग टुंग. "वाजतंय हो," म्हणाल्या आणि परत लावला.

मेहुण्यांच्या गाडीत मात्र क्लिप आहे. दिवाळीला येणार आहेत. हे वाचतीलच ते, म्हणून नाव लिहीत नाही.